बिनखांबाचा लाईनमन

आमच्या घरातला बल्ब गेला की तो बदलायला मी स्टुलावर चढायचे. तेव्हा मी आठ वर्षांची होते. दादा, म्हणजे माझे वडील, खाली उभे राहून स्टूल घट्ट धरायचे आणि "दाबून फिरव, दाबून" असं शिकवायचे. आता यात सांगण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. सांगण्यासारखं हे, की माझे वडील लाईनमन होते. चौसाळ्यात आणि आसपासच्या वस्त्यांवर लाईट गेली की लोक आमचं दार वाजवायचे, आणि त्याच घरातला बल्ब पोरीनं बदलायचा!

मी अगदी लहान असताना ते खांबावर चढत. मग एकदा पावसाळ्यात घसरले, खांद्याचं हाड मोडलं, आणि बरे झाल्यावर त्यांनी साहेबाला सांगून सबस्टेशनात काम मागून घेतलं. तिथं खुर्चीवर बसायचं, वहीत आकडे लिहायचे, वेळ झाली की खटका दाबायचा. त्यानंतर त्यांनी कुठल्याच खांबाला हात लावला नाही. शिडी नको, झाड नको, पत्रे उडाले तरी छपरावर नको. गावानं त्यांना लगेच नाव दिलं, 'बिनखांबाचा लाईनमन'. हायवेवरच्या चहाच्या हॉटेलात ते गेले की कुणीतरी हमखास विचारायचं, "काय बे, आज किती खांब चढलास?" दादा बशीत चहा ओतत म्हणायचे, "आज सुट्टी हाय."

गावाला हसायला काय, कुणीही चालतं. पण मीही हसायचे. शाळेत पोरी चिडवायच्या, म्हणून घरी येऊन मी त्यांना चिडवायचे. मोठी झाले, गेवराईच्या शाळेत मास्तरीण झाले, तरी माझी ती खोड गेली नाही. "आमचे दादा गादीवरनं उतरताना पण खाली बघतात," असं मी पाहुण्यारावळ्यांत सांगायचे. सगळे हसायचे, दादा सगळ्यात मोठ्यानं हसायचे. माय तेवढी उठून आत जायची. मला वाटायचं, चहा टाकायला जाते.

ते रिटायर झाल्यावर मी त्यांना चांगला मोबाईल घेऊन दिला आणि पस्तावले. त्यांना त्यात दीपगृहांचे व्हिडिओ सापडले. सकाळी दीपगृह, जेवताना दीपगृह. समुद्राचं त्यांना काही नव्हतं, त्यातलं पाणी त्यांना पसंतच नव्हतं, "एवढं असून प्यायच्या कामाचं न्हाई" म्हणायचे. पण दिवा! "बघ बघ, ह्यो दिवा किती वर्षांपासून जळतोय. एक रात सुट्टी न्हाई. आन् आमी? जल्मभर शिव्या खाल्ल्या. लाईट गेली की पहिली आठवण माझ्या मायबापाची." एकदा ते हळूच म्हणाले, "एक डाव बघावा वाटतंय. जवळनं." दादांनी माझ्याकडं आजवर काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. मी दिवाळीच्या सुट्टीत गाडी काढली.

निघायच्या दिवशी माय पाच लिटरचा तेलाचा कॅन घेऊन गाडीत बसली. घाण्यावरून काढून आणलेलं करडीचं तेल, घरच्या करडीचं.

"हे कावून?" मी विचारलं.

"दिवा बघाया चाललो न्हवं?"

"मग?"

"दिव्याकडं रिकाम्या हातानं जात्यात का? मास्तरीण झालीस, आन् एवढं कळंना!"

तिचं बरोबरच होतं म्हणा. आमच्याकडं कुठल्याही देवाला निघालं की दिव्यासाठी तेल न्यायचं असतं, आणि त्रिपुरीला दीपमाळ पेटवायची तर घराघरातून तेल जातं. हे तर कोसभरावरून दिसणारं दीपमाळेसारखं प्रकरण. त्याला वाटीभर तेल कसं पुरणार, असा हिशेब करून तिनं कॅन भरला होता. दादांना सगळं माहीत होतं. दीपगृहातला दिवा विजेवर चालतो हे त्यांनी व्हिडिओत शंभरदा पाहिलं होतं. पण ते मुकाट मागं बसले आणि कॅन सांडू नये म्हणून त्याला पायानं टेकू दिला.

मांजरसुंब्यावरून पाटोदा, जामखेड करत आम्ही पुण्याला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी ताम्हिणीतून खाली उतरलो. घाटात मी प्रत्येक वळणाला म्हणायचे, "दादा, डोळे मिटा, खाली दरी हाय." ते म्हणायचे, "तू उघडे ठेव म्हंजी झालं." मायनं धपाट्यांची चळत उघडली, शेंगदाण्याची चटणी काढली, आणि वाटेतल्या सगळ्या हॉटेलांना नावं ठेवत आम्ही कोकणात पोचलो.

पहिलं दीपगृह कोर्लईचं. किल्ल्याच्या पायथ्याशी, समुद्राला अगदी खेटून. तिथल्या दिवेवाल्या माणसाला माय पहिल्यांदा काय म्हणाली असेल? "तेल कुठं घालू?" तो भला माणूस. त्यानं आधी कॅनकडं पाहिलं, मग मायच्या कपाळावरच्या कुंकवाकडं, आणि हात जोडून सांगितलं, की मावशी, फार पूर्वी तेलावर होता, आता विजेवर आहे. मायनं दादांकडं असं पाहिलं की जणू विजेचा शोध त्यांनीच लावला होता. दादांनी मात्र जन्मभर साठवलेला प्रश्न विचारून घेतला, "आन् लाईट गेल्यावर?"

"बॅटरी आहे की."

"आन् बॅटरी उतरल्यावर?"

"जनरेटर."

दादांनी एवढा मोठा श्वास सोडला! मग त्यांनी खिडकीवर एकच तिकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. "तू जाऊन ये."

"म्हंजी? आपण कशाला आलोय इथं?"

"गुडघा दुखतोय जरा." मग त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि मायला ऐकू जाईल असं म्हणाले, "जिनाच हाय तसा. खांब न्हाई. दवाखान्यात असतो तसा जिना."

माय समुद्राकडं बघत होती. दादा थोडा वेळ थांबले आणि मग बाकावर जाऊन बसले. मी एकटी वर गेले, फोटो काढले आणि खाली येऊन त्यांना दाखवले. "चारशे किलोमीटर गाडी हाकली मी, आन् तुमाला फोटोच बघायचा होता तर मोबाईल होताच की घरी!" ते हसले. फोटो मात्र त्यांनी दोन बोटांनी मोठा करकरून पाहिला.

दुसऱ्या दिवशी टोळकेश्वरचं दीपगृह, टेकडीवरचं. वाटेत दाभोळच्या खाडीला फेरीबोट लागते. गाडीसकट बोटीत चढायचं म्हटल्यावर मायनं देवाची जी नावं घेतली त्यातली निम्मी मी पहिल्यांदा ऐकली. पण ती बोट पार पडली, आम्ही वर पोचलो, आणि तिथंही तेच. एक तिकीट, "तू जाऊन ये." या वेळी म्हणे चपलेचा अंगठा तुटत होता.

तिथं एक पुण्याकडचं कुटुंब होतं. त्यांच्यातल्या आजोबांच्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात नातीचा हात, आणि ते निघाले होते वर. माझं डोकंच फिरलं. मी त्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा दादा, काठी टेकत चाललेत ते. आन् तुमी! अहो, ह्यांना जरा हाताला धरून न्या वर. चाळीस वर्षं लाईनमन होते, पण लई भितात!"

ते लोक अवघडून हसले. दादाही हसले, नेहमीसारखे, सगळ्यात मोठ्यानं. "पोरगी लई इरसाल हाय," असं त्या आजोबांना म्हणाले, आणि चहा कुठं मिळतो ते बघायला निघून गेले. त्यांची पाठ दिसत होती. मला थोडं वाईट वाटलं, पण थोडंच. मला वाटलं, बोललेलं खरंच तर होतं.

दिवसभर माय माझ्याशी बोलली नाही. धपाटं दिलं ते पण न बघता दिलं.

तिसऱ्या दिवशी जयगडला निघालो, तर पुन्हा एक खाडी आणि पुन्हा फेरीबोट. दादा गाडीतून उतरून बोटीवरच्या माणसांकडं गेले. इंजिन दिसलं की त्यांचा पाय एका जागी ठरत नाही. मी आणि माय गाडीत. तिनं काचा वर करून घेतल्या होत्या, कॅन मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी आवळला होता. त्या दिवशी वारा होता. बोट जरा कलली, आणि मायनं माझा दंड धरला.

"ऐक," ती म्हणाली. "बुडायच्या आधी सांगून टाकते."

"काय न्हाई बुडत गं."

"गप! ऐक म्हणलं ना. तुझा बाप भित न्हाई. मी बांधून ठिवलाय त्याला."

मग तिनं जे सांगितलं ते असं. दादा खांबावरून पडले तेव्हा मी दोन वर्षांची होते आणि सारखी आजारी. आज ताप, उद्या जुलाब, अंगाला मांस म्हणून नव्हतं. तिकडं नवरा दवाखान्यात, इकडं काखेत असली पोर. नवरा घरी आला त्या दिवशी तिनं त्यांचा धड हात धरला, माझ्या डोक्यावर ठेवला आणि आण घातली, की हितून पुढं उंचावर चढायचं न्हाई. चढलात तर ह्या लेकराचं बरंवाईट तुमच्या माथी.

"आन् काय सांगू तुला," माय म्हणाली, "त्या दिसापासनं तुला साधा ताप न्हाई आला. मग मला ती सोडवायची हिंमतच होईना. चार वर्षांनी म्हणलं सोडवू. मग म्हणलं, तुझं लगीन होऊ दे. मग म्हणलं, बाळंतपण होऊ दे. लोक त्यांना काय काय म्हणायचे, मला ऐकू येत न्हवतं का? त्यांनी एकदा पण सांगितलं न्हाई, की बायकोनं आण घातलीया. बायकोच्या मुठीतला म्हणतील म्हणून न्हाई. मला कुणी नाव ठिवू नये म्हणून. आन् तू... तू त्यांना परक्या माणसांत..." तिचं पुढचं बोलणं रडण्यात गेलं.

मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला माझीच लाज वाटली. आधी मायचा राग आला, इतका की तो कॅन खाडीत टाकावा. मग दादांचा राग आला. आणि मग त्या सगळ्या रागाला कुठं जागाच उरली नाही. आठ वर्षांच्या पोरीला स्टुलावर चढवून खाली तो माणूस स्टूल दोन्ही हातांनी का आवळायचा, ते आता कळत होतं. परवा 'जिनाच हाय तसा' हे तो कुणाला आणि कशासाठी म्हणत होता, तेही. तो परवानगी मागत होता. आणि मी म्हणत होते, चारशे किलोमीटर गाडी हाकली मी.

"सोडव ती आण," मी म्हणाले.

"तुला काय झालं म्हंजी?"

"अडतीस वर्षांची घोडी हाय मी! मला काय होणार?"

"शाणी हायस. लेकरू मेलं तर आईचं मरतंय, मास्तरणीचं न्हाई."

बोट धक्क्याला लागली, दादा आले, आणि आमच्या दोघींच्या तोंडाकडं बघून म्हणाले, "काय, समुद्र लागला का?"

जयगडला पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. सुट्टीची गर्दी होती, पोरंटोरं, भेळेच्या पुड्या. दादा तिकिटाच्या खिडकीकडं निघाले, तर माय त्यांच्या आधी पुढं झाली. परत आली तेव्हा तिच्या मुठीत दोन तिकिटं होती.

"तू चढणार?" दादांनी विचारलं.

मायनं मला खांद्याला दाबून खाली बसवलं, तिथंच फरशीवर, सगळ्यांच्या देखत. कॅनचं झाकण उघडलं, ओंजळीत तेल घेतलं आणि माझ्या टाळूवर ओतलं. तान्ह्या लेकराच्या टाळूवर घालतात तसं, थबथबून. ते कानामागून ओघळून माझ्या चांगल्या कुर्त्याच्या गळ्यात गेलं. एक पोरगं "ए, बघ ती बाई" म्हणाल्याचं मी ऐकलं. मग मायनं दादांचा उजवा हात धरून माझ्या त्या तेलकट डोक्यावर ठेवला.

"मीच घातली, मीच सोडवते," ती म्हणाली. "सुटली. लेकराला माझ्या काय होऊ देऊ नको, देवा. सुटली. सुटली."

दादांचा हात माझ्या डोक्यावरून लवकर उचललाच गेला नाही. मी वर पाहिलं नाही. मला भीती होती, त्यांचा चेहरा पाहिला तर मी भर गर्दीत भोकाड पसरीन. मग ते खाकरले. "रुमाल दे गं," असं मायला म्हणाले, हात पुसला, आणि चालायला लागले.

जिन्यावर ते पुढं, मी मागं. चौसष्टाव्या वर्षी त्यांचा गुडघा अजिबात दुखत नव्हता, चपलेचा अंगठाही मजबूत होता. गोल गोल जिना चढून वर गेलं की शेवटी एक उभी लोखंडी शिडी लागते. दादा तिच्यावरून सरसर वर गेले. मी चार पायऱ्या चढले, चुकून खाली पाहिलं, आणि माझे हात दांडीला चिकटले. वर जाता येईना, खाली येता येईना. डोक्यावरून तेल डोळ्यांत उतरत होतं. मागच्या पायरीवर पुन्हा तेच पोरगं येऊन उभं.

दादा वरून डोकावले. हसायचा पुरा हक्क होता त्यांना. छत्तीस वर्षांचा हिशेब एका फटक्यात वसूल झाला असता. ते तसेच खाली वाकले, माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "आधी हात, मग पाय. खाली बघायची जिम्मेदारी माझी."

तसं करत मी वर गेले.

वर वारा खूप होता. दादांनी आधी समुद्र पाहिला नाही. आधी त्यांनी दिवा पाहिला, मग त्याची वायर कुठून आली ते पाहिलं, अर्थिंग पाहिलं, आणि "नीट हाय" म्हणाले. मग कठड्याला दोन्ही हात टेकून उभे राहिले. खाली माय ठिपक्याएवढी दिसत होती. मान वर करून, एक हात डोळ्यांवर धरून, दुसऱ्या हातात कॅन.

"दादा," मी म्हणाले, "एवढी वर्षं मी तुमाला भित्रा म्हणत होते. एक डाव तरी सांगायचं होतं मला."

"तुला सांगितलं असतं तर तू काय म्हणली असतीस?"

"म्हणले असते, खुशाल चढा, मला काय होत न्हाई."

"हां. म्हणून न्हाई सांगितलं." ते मायकडं बघत हात हलवत होते. "आन् भित्रा म्हणायचीस ते काय खोटं न्हवतं. भितच होतो की मी. खांबाला न्हाई भित."

मी डोळे पुसले. तेल गेलं होतं डोळ्यांत, असं मी त्यांना सांगितलं आणि त्यांनी ते मानून घेतलं. खालून मायची हाक आली, वाऱ्यातून अर्धी अर्धी. "अवो! बास झालं! उतरा आता!" दादांनी ती ऐकली नसल्यासारखं केलं आणि दिवा लागायची वेळ होईपर्यंत आम्ही तिथंच उभे राहिलो. दिवा लागला तेव्हा त्यांनी हात जोडले.

उरलेलं तेल मायनं तिथल्या दिवेवाल्याच्या हवाली केलं. तोही सांगत होता, मावशी, बॅटरी आहे, जनरेटर आहे. माय म्हणाली, "असू द्या. लाईटीचा काय भरवसा न्हाई, मी लाईनमनची बायको हाय." कॅन तेवढा परत मागून घेतला.

गावी आल्यावर हॉटेलातल्या लोकांना दादांनी काही सांगितलं नाही. मीच जाऊन सांगितलं, की दादा दीपगृह चढले, आणि फोटो दाखवले. त्या लोकांनी ते दोन बोटांनी मोठे करून पाहिले.

परवा गेवराईत माझ्या स्वयंपाकघरातला बल्ब गेला. मी फोनवर सहज बोलून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोघं दारात. दादांनी चपला काढून स्टूल ओढलं. माय म्हणाली, "थांबा." तिनं पिशवीतून बाटली काढली, माझ्या टाळूवर तेल थापलं, आणि मग स्टूल धरायला खाली बसली.